सीमेवरची अवली पोरं

बेळगाव-निपाणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला काय आठवतं? मोर्चा, दुकानावरच्या पाट्या, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस आणि सर्वोच्च न्यायालयातली पुढची तारीख. खवय्या असेल तर कुंदा. पण ह्याच पट्ट्यात मराठी गोष्टींमधली तीन भारी पोरं हिंडतात, हे चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. लंपन, आनंदा आणि बिम्म. आणि गंमत अशी की तिघांनाही सीमाप्रश्नाचं काडीइतकं पडलेलं नाही. एकाला आईकडे जायचंय. दुसऱ्याला शाळेत जायचंय. तिसऱ्याला नुसते प्रश्न विचारायचेत.

मी ही पोरं वाचली ती कोल्हापूर-बेळगाव एसटीत. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, मध्ये कागल, मग निपाणी, मग संकेश्वर. एकदा 'वनवास' उघडून बसलो होतो. शेजारी शाळेच्या गणवेशातला एक मुलगा, मांडीवर दप्तर, दप्तरावर डबा. बराच वेळ त्यानं माझ्या पानात डोकं घातलं आणि मग विचारलं, "काय वाचालायसा?" मी म्हटलं, एका मुलाची गोष्ट आहे. "मग तो काय करतो?" काही विशेष करत नाही, आजीकडे राहतो. मुलानं जरा विचार केला. "मी पण राहतो की," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

प्राध्यापक दीक्षितांचं गुपित

कराडच्या महाविद्यालयात भा. गो. दीक्षित नावाचे भूशास्त्राचे प्राध्यापक होते. दगड, खनिजं, थर, प्रस्तर ह्यांत आयुष्य गेलेला माणूस. लंपनच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर मात्र ह्याच माणसाचं नाव प्रकाश नारायण संत. जन्म बेळगावचा, 1937 सालचा. आईवडील दोघंही लिहिणारे : ना. मा. संत आणि कवयित्री इंदिरा संत. इंदिराबाई माहेरच्या दीक्षित. मुलगा आजोळी दत्तक गेला आणि संतांचा दीक्षित झाला. नोकरीच्या कागदांवर दत्तक घराचं नाव, पुस्तकांवर वडिलांचं. लंपनच्या गोष्टी वाचताना ही एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी पुष्कळ कळतं.

कारण लंपनची कथा काय? आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी ठेवलेला मुलगा. बस, इतकंच. आजी-आजोबा प्रेमळ आहेत, खायला-प्यायला भरपूर आहे, मित्र आहेत, शेजारची सुमी आहे. जाच म्हणावा असं काही नाही. तरी पहिल्या संग्रहाचं नाव 'वनवास'. रामाला चौदा वर्षं आणि रान लागलं. लंपनला नुसतं दुसरं गाव पुरलं.

तीस वर्षांची सुट्टी

संतांनी साठच्या दशकात 'सत्यकथा' मासिकात लिहायला सुरुवात केली आणि मग जवळजवळ तीन दशकं लेखणी खाली ठेवली. पुन्हा उचलली ती नव्वदीत. 1994 साली 'वनवास' आलं आणि मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. चारही पुस्तकं मौज प्रकाशनाची, चारींत एकच मुलगा, आणि त्याचा आवाज कुठेही वयस्क होत नाही. साठीकडे झुकलेला प्राध्यापक सहावी-सातवीतल्या पोरासारखा बोलतो आणि आपल्याला एकदाही शंका येत नाही. ह्याला मी तरी जादूच म्हणेन. लहानपण लिहिणारे मराठीत पोत्यानं आहेत. त्यातले बहुतेक मोठ्यांच्या आवाजात हळहळतात. संत हळहळत नाहीत. त्यांचा लंपन आत्ता, ह्या क्षणी वैतागलेला असतो. संत 2003 साली गेले. त्यांच्या पत्नी डॉ. सुप्रिया दीक्षित ह्यांनी दोघांच्या सहजीवनावर 'अमलताश' लिहिलं. लंपन आवडलेल्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

लंपनची भाषा ही वेगळीच चीज. त्याचा लाडका शब्द 'मॅड'. आणि आकड्यांचा षौक असा, की एखादी गोष्ट 'खूप वेळा' झाली असं हा मुलगा सांगणारच नाही. नेमका आकडा सांगणार, तोही असा विचित्र की हिशेब कोणी ठेवला होता असं विचारावंसं वाटावं. आई कधी येणार ह्याचं उत्तर ज्याला मिळत नाही, तो बाकीच्या सगळ्या गोष्टी मोजत बसतो. हे आपलं माझं मत. संतांनी असं कुठे म्हटलेलं नाही.

आडनावावरून गाव ओळखा

आता एक खेळ. लंपनच्या टोळीतली दोन नावं घ्या : कणबर्गी गंग्या आणि जंब्या कटकोळ. दोन्ही आडनावं ही खरी गावं आहेत. कणबर्गी आता बेळगाव शहरातच जमा झालंय. कटकोळ रामदुर्ग तालुक्यातलं. कन्नड रिवाजात गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं. मराठीत त्याला 'कर'चं शेपूट लागतं. म्हणजे हाच गंग्या चार गावं उत्तरेला जन्मला असता तर कणबर्गीकर झाला असता, आणि बाबा म्हणाले असते, नीट बस, गंगाधर कणबर्गीकर.

आता सीमेच्या ह्या बाजूला या, कागलला. आनंद यादवांच्या 'झोंबी'मध्ये आनंदाला कवितेचं वेड लावणारे मराठीचे मास्तर कोण? सौंदलगेकर. आणि सौंदलगा कुठे? निपाणीच्या जवळ, महामार्गावर, कर्नाटकात. म्हणजे महाराष्ट्रातल्या मास्तरांचं गाव कर्नाटकात, आणि कर्नाटकातल्या मुलाच्या गोष्टी मुंबईच्या मौजेत. रेघ मारणाऱ्यांनी रेघ मारली खरी, पण आडनावांना कुणी विचारलंच नाही.

मी पोळी खाल्लो

ह्या पट्ट्यातल्या मराठीवर पुण्याच्या मास्तरांची लाल शाई फार सांडते. 'मी पोळी खाल्ली' हे पुस्तकातलं. बेळगावातला मुलगा 'मी पोळी खाल्लो' म्हणतो. त्याचं साधं गणित असं : खाणारा मी, मग क्रियापद पोळीच्या मागे का धावेल? कन्नडमध्ये असंच होतं, क्रियापद कर्त्याशी इमान राखतं. 'पुस्तक वाचलो', 'चहा घेतलो', 'सिनेमा बघितलो'. त्याशिवाय वाक्याच्या शेवटी 'की' : 'चल की', 'दे की', 'येतो की'. हा 'की' म्हणजे आग्रह, आर्जव आणि थोडी दटावणी, तिन्ही एका अक्षरात. भाषांतर करून दाखवा!

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. तिथे त्यांना जो माणूस भेटला त्याच्या बोलण्यातला लिंगविचाराचा असा मनमुराद गोंधळ त्यांनी 'रावसाहेब'मध्ये अजरामर केला. पुलंनी त्या भाषेवर प्रेम केलं, हसू काढलं ते प्रेमातूनच. संतांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या गोष्टींत हे बोलणं विनोदासाठी येतच नाही. पोरं तशी बोलतात म्हणून बोलतात.

आई कवयित्री, पोर कथाकार

इंदिरा संतांची 'गवतफुला' ही कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. माळावर पतंग उडवणारं पोर आणि इवलंसं फूल. ह्या बाईंचं बरंचसं आयुष्य बेळगावात गेलं, शिक्षिकेचं. 1946 साली नवरा गेला, तेव्हा त्या बत्तिशीच्या होत्या. पुढे 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', आणि 'गर्भरेशीम'ला 1984 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार. आईनं विरहाच्या कविता लिहिल्या, मुलानं आईच्या विरहाच्या गोष्टी लिहिल्या. दोघांत कोणाचं दुःख जास्त, ह्याची तुलना करायला मी बसणार नाही. वाचताना मात्र दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून बघा.

आणि ते 1946 सालही बघा. त्याच वर्षी बेळगावला साहित्य संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. इतिहासाच्या पुस्तकात ते वर्ष त्या ठरावासाठी येतं. गावातल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलासाठी ते वडील गेल्याचं वर्ष होतं.

म्हशीच्या पाठीची पाटी

बेळगावहून निपाणीला आलात की कागल वीसेक किलोमीटर. तिथला आनंदा. आनंद यादव ह्यांची 'झोंबी' 1987 साली आली आणि 1990 साली तिला अकादमी मिळाली. लंपनचा त्रास मऊ आहे. आनंदाचा त्रास शेणामातीचा आहे. बापाला पोरगा मळ्यात हवा, पोराला शाळेत जायचंय. बाप गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावणारा. गूळ लवकर निघाला की भाव चांगला, असा त्याचा हिशेब. ह्या हिशेबात पाटी-पुस्तक कुठे बसणार?

मग काय केलं? आई आणि पोरगा गुपचूप गावच्या देसायांकडे, दत्ताजीरावांकडे गेले आणि त्यांच्याकरवी बापाला घोळात घेतलं. कटाचं मला विशेष कौतुक वाटतं : आई वाड्यावर गेली होती हे बापाला कळू द्यायचं नाही, ही अट आधीच घालून ठेवली होती. कौरवांच्या सभेत एवढी तयारी नसायची.

शाळेत गेल्यावर तरी सुख? मधली वर्षं गेलेली, आता वर्गातली पोरं वयानं लहान. त्यातलं एक द्वाड पोर ह्याचं डोक्याचं फडकं हिसकावून मास्तरांच्या टेबलावर टाकतं आणि सगळा वर्ग खिदळतो. ह्या एका प्रसंगात गरिबीवरच्या दहा भाषणांएवढा ऐवज आहे. मोठा अन्याय अंगावर आला तर माणूस लढतो. टेबलावर पडलेलं आपलं फडकं परत आणायला मात्र वेगळीच छाती लागते.

आणि मग सौंदलगेकर मास्तर, ते कविता गाऊन शिकवतात. आनंदाला कळतं की कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो आणि मळ्याकडे जाता-येता दिसणाऱ्या गोष्टींवरही कविता होते. कागद-पेन्सिल हाताशी नाही. मग काडीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहायच्या, नाहीतर खड्यानं शिळेवर. पाठ झाल्या की पुसून टाकायच्या. म्हशीची पाठ ही जगातली एकमेव वही, जी स्वतःच डबक्यात जाऊन कोरी होऊन येते.

आता चटपटीत भाग. पुस्तकाला प्रस्तावना पुलंची. आणि ह्या पुस्तकातला हाच भाग हिंदीत 'जूझ' ह्या नावानं केंद्रीय बोर्डाच्या बारावीच्या 'वितान' पुस्तकात बसलाय. म्हणजे पाटण्याची किंवा भोपाळची पोरं कागलच्या आनंदाच्या बापावर परीक्षेत प्रश्न सोडवतात, आणि आपल्याकडची कित्येक पोरं 'झोंबी' म्हटल्यावर इंग्रजी सिनेमातल्या भुताकडे बघतात.

पत्ता कोल्हापूरचा, बाजार निपाणीचा

निपाणीची एक गंमत ऐका. निपाणीला लागून देवचंद महाविद्यालय. पत्ता बघा : अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. विद्यापीठ शिवाजी. निपाणीतलं पोरगं सकाळी कर्नाटकात नाष्टा करतं, चालत महाराष्ट्रात जाऊन पदवी घेतं आणि दुपारी परत कर्नाटकात जेवायला येतं. व्हिसा नाही, शिक्का नाही.

गाव तंबाखूचं. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका, त्यांचा खोकला, त्यांच्याबरोबर आलेली पोरं. ह्या बायकांच्या संघटनेवर 1982 साली 'युगांतर' ह्या गटानं 'तंबाकू चाकिला ऊब आली' नावाचा माहितीपट केला. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले ते आंदोलनही इथलंच, आणि तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

ह्या गावाला लेखक मिळाला तोही तसाच. महादेव मोरे. आधी टॅक्सी आणि गॅरेजच्या जगात वावरलेला, मग पिठाची गिरणी चालवणारा. दळण देत-घेत कथा-कादंबऱ्या लिहिणारा. त्यांच्या पुस्तकांत ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधली पोरं, हमाल, वखारीतल्या बायका. मराठी साहित्यात स्टिअरिंग आणि ग्रीस एवढं क्वचितच आलंय. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. पीठ उडत असताना, जात्याच्या घरघरीत, एका कानानं गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत लिहिणारा माणूस, असं काहीतरी चित्र माझ्या डोळ्यांसमोर कायम राहिलंय. मुलांसाठी म्हणून त्यांनी लिहिलं नाही. पण टायरवर बसून डबा खाणारं पोरगं शोधायचं असेल तर त्यांच्याचकडे जावं लागतं.

काळोखाच्या लेखकाचं उजेडातलं पोर

तिसरा बिम्म. ह्याचा बाप म्हणजे जी. ए. कुलकर्णी! जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा, 1923 चा. नोकरी धारवाडला, इंग्रजी शिकवायची. नियती, मृत्यू, शाप, भोग ह्यांच्या कथा लिहिणारा माणूस. 'काजळमाया'ला अकादमी मिळाली आणि प्रकाशन-तारखेवरून वाद उठला, तेव्हा पुरस्कार परत केला. सभा-समारंभ नको, फोटो नको. आणि अशा माणसानं 'बखर बिम्मची' लिहिली. बिम्म नावाचा चिमुरडा, बब्बी नावाची बहीण आणि जगाकडे बघायची निर्मळ, वेडीवाकडी नजर. जोडीला 'मुग्धाची रंगीत गोष्ट'. 'काजळमाया' वाचून झोप उडालेल्यांनी औषध म्हणून बिम्म वाचावा.

जीएंचं आणखी एक काम ह्या यादीत बसतंच. त्यांनी कॉनरॅड रिक्टर ह्या अमेरिकी कादंबरीकाराची बरीच पुस्तकं मराठीत आणली. त्यात 'रानातील प्रकाश'. एका गोऱ्या मुलाला आदिवासींनी वाढवलंय, तो त्यांच्याच भाषेत विचार करतो, आणि तहात ठरलं म्हणून त्याला जन्मदात्या आईवडिलांकडे परत पाठवतात. दोन घरं, दोन भाषा, आणि कुठलंच घर पुरतं आपलं नाही. हे पुस्तक मराठीत आणावं असं बेळगाव-धारवाडच्या माणसाला वाटलं ह्यात मला अजिबात नवल वाटत नाही. त्यांच्या मागे आलेलं 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' वाचलंत तर बालपणीचं ते गाव आणि त्यातली तऱ्हेवाईक माणसं भेटतात.

स्वामी आणि लंपन

शेजारी कन्नड मुलखातही असंच एक पोर आहे. आर. के. नारायण ह्यांचा स्वामी, 1935 च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मधला. इंग्रजीत लिहिलेला, गाव काल्पनिक, मालगुडी. दूरदर्शनवर ते गाव दिसलं ते शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंब्याच्या रूपात, आणि दिग्दर्शक शंकर नाग. हेच शंकर नाग '22 जून 1897' ह्या मराठी चित्रपटाच्या लेखनातही होते. स्वामीला गणित छळतं, लंपनला आठवण. दोघांची गाठ पडली असती तर दोघांनी आधी क्रिकेट खेळलं असतं आणि भाषेचा प्रश्न दुसऱ्या ओव्हरपर्यंत सुटला असता.

लंपनही शेवटी पडद्यावर आलाच. 2024 च्या मे महिन्यात सोनी लिव्हवर 'लंपन' मालिका आली. दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी ह्यांचं, लंपन झालाय मिहिर गोडबोले, आजी गीतांजली कुलकर्णी, आजोबा चंद्रकांत कुलकर्णी. त्याच वर्षी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. 'वनवास' वाचलेल्या लोकांना मालिका बघताना उगीच भीती वाटत होती, की आपला लंपन त्यांनी बिघडवला तर? मलाही वाटली. पहिला भाग बघितला, आणि भीती गेली.

परवा बेळगावच्या बसस्टँडवर पुस्तकांच्या टपरीवर विचारलं, लंपन आहे का? टपरीवाल्यानं मागे न बघताच सांगितलं, "संपलाय की. सोमवारी येतो."